खडा आत, लघवी बाहेर

"दोन दिवस झाले, बोकड कुंथतोय. पोट धरलंय त्याचं. एरंडेल पाजलं, फरक नाही." असा फोन आला की मी एकच विचारतो : तो बांधलाय तिथली जमीन ओली आहे का? पलीकडे माणूस जाऊन बघून येतो. "नाही हो, कोरडीच आहे."

शौचाला न होणारा बोकड आणि लघवी तुंबलेला बोकड लांबून सारखेच दिसतात. पाठीची कमान, शेपटीची फडफड, दात खाणं, मधूनच केविलवाणं ओरडणं. जवळ जाऊन शिश्नाच्या खोळीच्या तोंडाशी असलेले केस बोटांत चोळले, तर बऱ्याचदा बारीक रेतीसारखी कचकच लागते. मूतखड्याचे कण ते. एरंडेल तिथपर्यंत पोचत नाही.

खडे शेळीलाही होतात, पण तिची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असल्यामुळे रेती वाहून जाते. बोकडाची नलिका लांब, बारीक, वाटेत इंग्रजी एस अक्षरासारखं वळण घेतलेली, आणि टोकाला गांडुळासारखी दोन-तीन सेंटिमीटरची शेपटी. खडा बहुधा या दोनांपैकी एका जागी अडकतो. फार लहानपणी खच्ची केलेल्यांत नलिका आणखी अरुंद राहते, कारण ती वाढवणारं संप्रेरकच बंद झालेलं असतं.

पण खडा धरतोच का? इथे लाळेबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या शरीरातला जादा फॉस्फरस मुख्यतः लघवीवाटे जातो. रवंथ करणारं जनावर तो लाळेत सोडतं. लाळ गिळली जाते आणि फॉस्फरस लेंड्यांबरोबर बाहेर पडतो. कडबा, पाला चघळताना लाळेचा नुसता पूर असतो, त्यामुळे ही व्यवस्था बिनबोभाट चालते. मग ईदच्या बाजाराआधी वजन वाढवायला मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा सुरू होतो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, म्हणजे आवक वाढली. भरडा फारसा चघळावा लागत नाही, म्हणजे लाळ कमी, जावक घटली. अडलेला फॉस्फरस मूत्रपिंडाकडे वळतो आणि बोकडाच्या अल्कधर्मी लघवीत मॅग्नेशियम व अमोनियमशी जुळून स्फटिक होतो. स्ट्रुवाइट म्हणतात तो हाच. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट ठेवा असं सांगतात, ते यासाठी.

आता शस्त्रक्रिया. पहिली अगदी छोटी : बोकडाला ढुंगणावर बसवायचं, शिश्न बाहेर काढायचं आणि टोकाची ती शेपटी कापून टाकायची. पैदाशीला काही बाध येत नाही. नशीब असेल तर तिथल्या तिथे धार लागते. पण मागे खड्यांची रांग असेल तर दोन दिवसांत पुन्हा तेच.

माणसासारखी खालून नळी का घालत नाहीत? एक तर ते वळण. ते ओलांडलंच, तरी कमरेच्या हाडाच्या कमानीपाशी नलिकेला एक खिसा असतो आणि नळीचं टोक नेमकं त्यात जाऊन बसतं. गुदद्वाराखाली नलिकेला नवं तोंड पाडायची जुनी पद्धत आहे. लघवी लगेच सुटते, पण पुढे व्रण आवळत जाऊन ते तोंड बुजू शकतं, आणि बोकड पैदाशीतून बाद होतो.

म्हणून मला आवडते ती मूत्राशयात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया. गंमत अशी की तीत नलिकेतल्या खड्याला हातच लावत नाहीत. पोट उघडून मूत्राशयातला गाळ धुऊन काढतात आणि कातडीला वेगळं भोक पाडून फोलीची नळी मूत्राशयात सोडतात. दवाखान्यात खाटेला पिशवी लटकलेली असते ना, तिचीच ही नळी. आतल्या टोकाचा फुगा सलाइनने फुगवला की ती निसटत नाही. लघवी त्या आडवाटेने ठिबकत राहते आणि नलिकेला विश्रांती मिळते. सूज उतरते, आवळलेले स्नायू सैलावतात, खडा हळूहळू घसरतो किंवा विरघळतो. विरघळायला मदत म्हणून पशुवैद्य अमोनियम क्लोराइड देतात, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. त्याने लघवी आम्ल होते. (बाजारातला नवसागर स्वतःच्या अंदाजाने पाजू नका. चुन्याच्या खड्यावर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, त्याचा फारसा उपयोगही नाही.)

कुळथाचं पाणी, पानफुटीचा रस, "खडा विरघळवणारं" चूर्ण, हे सगळं वाट बंद असताना पाजणं म्हणजे तोंड बांधलेल्या पखालीत आणखी पाणी ओतणं. मंतरलेल्या पाण्याची तर वेगळीच कथा. ते पाजल्यावर तासाभरात बोकड कुंथायचा थांबला, असं शपथेवर सांगणारे भेटतात. खोटं नसतं ते. मूत्राशय फुटलं की ताण जातो, कळ थांबते, बोकड शांत उभा राहतो. मग पोट दोन्ही बाजूंनी सुटायला लागतं आणि काही दिवसांत तो आडवा होतो, तोवर श्रेय देऊन झालेलं असतं.

नळी बसवल्यावर आठवडाभराने तिला चिमटा लावून काही तास बघायचं. खालून धार आली तर उत्तम, कुंथला तर चिमटा सोडून आणखी थांबायचं. धार आली तरी नळी घाईने उपटायची नाही. तिच्याभोवती ऊतींची भिंत धरायला आठ-दहा दिवस तरी लागतात, नाहीतर लघवी पोटात झिरपते.

नळी निघाली, टाके निघाले की मालकाचा प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, भरडा कधी सुरू करू?"