एन्डेल स्ट्रीट लष्करी रुग्णालय

पहिल्या महायुद्धात लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात चाललेले ब्रिटिश लष्कराचे रुग्णालय (१९१५–१९). येथील सर्व डॉक्टर आणि बहुतेक कर्मचारी स्त्रिया होत्या. डॉ. फ्लोरा मरे प्रमुख, तर डॉ. लुइझा गॅरेट अँडरसन मुख्य शल्यचिकित्सक. लुइझा यांच्या आई एलिझाबेथ अधिष्ठाता असताना लंडनच्या ज्या स्त्री-वैद्यक विद्यालयातून डॉ. रखमाबाई शिकून आल्या, तेथेच या दोघीही शिकल्या.

दोघी स्त्री-मताधिकाराच्या कट्टर पुरस्कर्त्या. लुइझा यांनी १९१२ मध्ये त्यासाठी तुरुंगवास भोगला. उपोषण करून सुटलेल्या स्त्री-कैद्यांवर मरे उपचार करत. ज्या सरकारशी भांडण, त्याच्याकडे युद्धसेवेसाठी अर्ज करण्यात अर्थ नव्हता. म्हणून १९१४ मध्ये त्यांनी फ्रेंच रेड क्रॉसच्या छत्राखाली पॅरिसच्या एका आलिशान हॉटेलात रुग्णालय थाटले. त्याचा बोलबाला लंडनपर्यंत पोहोचला आणि लष्करी वैद्यकसेवेचे प्रमुख सर आल्फ्रेड किओ यांनी त्यांना स्वतःहून बोलावले.

एन्डेल स्ट्रीटवरच्या एका जुन्या दरिद्रगृहात (निराधार गरिबांना आसरा देऊन काम करवून घेणाऱ्या संस्थेच्या इमारतीत) मे १९१५ मध्ये काम सुरू झाले. खाटा सुमारे ५७३. जखमींच्या गाड्या बहुधा रात्रीच अंगणात येत. तोवर स्त्री डॉक्टरांच्या वाट्याला बायका आणि मुलेच येत असल्याने, गोळ्या व तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी चिरफाळलेल्या पुरुषांवरची शस्त्रक्रिया त्यांना जवळजवळ नवीनच होती. ती त्या करता करता शिकल्या.

खंदकातल्या चिखलाने माखलेल्या जखमा हमखास चिघळत. प्रतिजैविके अजून यायची होती. बिस्मथ, आयडोफॉर्म व पॅराफिन यांचे मलम १९१६ पासून येथे पद्धतशीरपणे तपासले गेले. मेलेली ऊती काढून जखम स्वच्छ करायची, मलम आत नीट चोळायचे आणि पट्टी कित्येक दिवस सोडायचीच नाही. रोज पट्टी बदलताना होणाऱ्या यातना त्यामुळे टळल्या, परिचारिकांचाही वेळ वाचला. मलमाची कल्पना ब्रिटिश शल्यचिकित्सक रदरफर्ड मॉरिसन यांची. पण मोठ्या प्रमाणावर ते पारखण्याचे श्रेय एन्डेल स्ट्रीटलाच द्यायला हवे.

चार-साडेचार वर्षांत सुमारे २६,००० रुग्ण येथे आले आणि ७,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांना लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर अशा श्रेणींचे वेतन मिळे, मरे यांना लेफ्टनंट कर्नलचे. मात्र लष्करी अधिकारी म्हणून नेमणूक कोणालाच मिळाली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतही रुग्णालय सुरू राहिले आणि १९१९ च्या अखेरीस बंद झाले. युद्धकाळात मुलींना प्रवेश देणाऱ्या लंडनच्या काही वैद्यक महाविद्यालयांनी पुढच्या दशकात त्यांना पुन्हा दारे बंद केली.