अपसूर्यामुळे थंडी वाढते?

‘पृथ्वी सूर्यापासून लांब जातेय, ऑगस्टपर्यंत कडाक्याची थंडी पडेल, सर्दी-खोकला सांभाळा’ हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो.

त्यातलं अर्धं खरं आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे 15.2 कोटी किमीवर असते; या स्थितीलाच अपसूर्य म्हणतात. पण जानेवारीत सर्वांत जवळ असतानाही अंतर 14.7 कोटी किमी असतंच. फरक जेमतेम 3 टक्के, आणि तोही दरवर्षीचाच.

पडताळा हवा तर नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडे बघा. थंडीपासून द्राक्षं वाचवायला बागांत शेकोट्या पेटतात त्या डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे सूर्य जवळ असताना! ऋतू ठरतात ते पृथ्वीचा आस 23.5 अंश कललेला असल्यामुळे. हिवाळ्यात आपल्याकडे किरणं तिरपी पडतात, दिवसही लहान होतो. जुलैत नाशिकला गारवा जाणवतो तो पावसामुळे आणि ऊन अडवणाऱ्या ढगांमुळे.