उघडं कॉलेज, अरुंद दार: अमेरिकेतल्या नर्सिंग प्रवेशाची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, नर्सिंगला अर्ज करणाऱ्याला मराठी येत असेल, तर त्याचे गुण मिळू शकतात. थट्टा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर निवड कशी करायची, याचे निकष त्या राज्याच्या शिक्षण कायद्यात दिले आहेत. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं हा त्यांतला एक. अशा भाषांमध्ये स्पॅनिश, अरबी, फारसी, तागालोग यांच्या पंगतीत ‘भारतीय उपखंडातल्या निरनिराळ्या भाषा’ असा उल्लेख आहे. अर्थात घरी मराठी बोलतो एवढं सांगून भागत नाही, कॉलेजला पुरावा लागतो, आणि हाती येणारे गुण मूठभरच. पण नंबर एका गुणाने हुकू शकतो तिथे मूठभरही पुष्कळ.

त्याच यादीत आधीची पदवी, विषयांतले गुण, दवाखान्यात केलेलं काम, गरिबी, अपंगत्व, घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी असणं, निर्वासित किंवा माजी सैनिक असणं हेही आहे. आणि अर्थात प्रवेश परीक्षा.

आपल्याकडे ‘कॉलेज प्रवेश’ म्हटलं की मेरिट लिस्ट आणि कट ऑफ डोळ्यांपुढे येतात, म्हणून यातली विसंगती चटकन लक्षात येत नाही. कम्युनिटी कॉलेजला कट ऑफ नसतो. शाळा संपवलेला कुणीही, कोणत्याही वयाचा, जाऊन नाव घालू शकतो. ही कॉलेजं निघाली त्याचसाठी. मग त्याच इमारतीत नर्सिंगच्या मजल्यावर एवढी चाळणी कुठून आली? त्याचं उत्तर दीडशे वर्षं मागे जातं. नर्स कामातून घडवायची की वर्गात शिकवायची, या जुन्या भांडणात ते आहे.

१८७३ साली न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू, न्यू हेवन आणि बॉस्टन इथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या धर्तीवर तीन नर्सिंग शाळा सुरू झाल्या. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित नर्स मानल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स यांना पदविका मिळाली तीही त्याच वर्षी, बॉस्टनच्याच एका स्त्रियांच्या रुग्णालयातून. १८७९ मध्ये तिथूनच मेरी महोनी ही पहिली कृष्णवर्णीय प्रशिक्षित नर्स बाहेर पडली. तिच्या तुकडीत शेवटपर्यंत टिकलेल्या मुली मोजक्याच होत्या.

तेव्हाच्या प्रवेशात लेखी कसोटीला फारसं महत्त्व नव्हतं. लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, तब्येत धडधाकट असावी, आणि चालचलन चांगलं असल्याचा कुणा प्रतिष्ठिताचा, बहुधा धर्मगुरूचा, दाखला असावा, एवढं पुरे. खरी परीक्षा पुढे होती: ‘प्रोबेशन’. पहिले काही आठवडे मुलीला वॉर्डात राबवायचं. जी टिकेल ती विद्यार्थिनी, जी गळेल ती घरी. रुग्णालयांनाही हे सोयीचं होतं. शिकणाऱ्या मुलीच वॉर्ड सांभाळत, त्यांना नाममात्र भत्ता मिळे आणि शिकवणं उरल्या वेळात होई. स्वस्त मजुरीची ही सोय कळल्यावर शाळांचं पीक आलं नसतं तरच नवल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत त्या दोन हजारांच्या घरात गेल्या.

१९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने नर्सची नोंदणी करणारा देशातला पहिला कायदा केला. १९२३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून झालेला गोल्डमार्क अहवाल आला. रुग्णालयाचं काम आणि विद्यार्थिनीचं शिक्षण यांची गल्लत झाली आहे, आणि त्यात शिक्षणाचा बळी जातो, असं त्याने सांगितलं. त्याच वर्षी येल विद्यापीठात नर्सिंगची स्वतंत्र शाळा निघाली. १९४८ चा एस्थर ल्युसिल ब्राउन यांचा अहवालही तेच म्हणाला: नर्सिंगचं शिक्षण रुग्णालयातून काढा, कॉलेजात न्या. पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन अहवालांना एकच गोष्ट सांगावी लागली, म्हणजे मधल्या काळात ती कितपत ऐकली गेली ते उघड आहे.

मध्ये दुसरं महायुद्ध झालं. ओहायोच्या काँग्रेस सदस्य फ्रान्सिस बोल्टन यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये कॅडेट नर्स कोअर उभी राहिली. फी सरकारने भरायची, वर भत्ता, आणि शिक्षण तीन वर्षांऐवजी तीस महिन्यांत. सव्वा लाखाच्या आसपास मुली या योजनेतून नर्स झाल्या. एवढ्या घाऊक भरतीत धर्मगुरूच्या चिठ्ठ्या कोण वाचत बसणार? नर्सिंगसाठी छापील प्रवेश कसोट्या याच दशकात रुळल्या. परवान्याच्या परीक्षेचंही तसंच. तोवर प्रत्येक राज्य आपापली प्रश्नपत्रिका काढी. १९४४ पासून राज्यांनी एका सामाईक प्रश्नसंग्रहातून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आजच्या एनक्लेक्स या देशभरच्या परवाना परीक्षेचं मूळ तिथे आहे.

कम्युनिटी कॉलेजची गोष्ट तोवर वेगळ्याच वाटेने चालली होती. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात हायस्कूललाच दोन वर्षं जोडून पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज काढलं गेलं. (आपल्या अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी नावापुरतंच साम्य.) युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिकायचं होतं, सरकार फी भरत होतं, आणि १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजं हवीत असं म्हणत ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द रूढ केला.

या दोन वाटा मिल्ड्रेड मोंटॅग यांनी जोडल्या. आयोवात १९०८ साली जन्मलेल्या या नर्सिंग शिक्षिकेने कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात डॉक्टरेट केली. १९५१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या प्रबंधातला विचार थोडक्यात असा: नर्सिंगमधली सगळी कामं एका पातळीची नसतात. एका टोकाला साधी मदत, दुसऱ्या टोकाला गुंतागुंतीचे निर्णय, आणि मधला मोठा पट्टा कौशल्याच्या कामाचा. या पट्ट्यासाठी ‘नर्सिंग टेक्निशियन’ घडवावी, दोन वर्षांत, रुग्णालयात न राबवता, कॉलेजात. वॉर्डात जायचं ते शिकायला जायचं, ड्यूटी भरायला नव्हे.

१९५२ मध्ये प्रयोग सुरू झाला. कॅलिफोर्नियातलं पासाडेना सिटी कॉलेज, मिशिगनमधलं हेन्री फोर्ड कम्युनिटी कॉलेज, न्यूयॉर्क राज्यातलं ऑरेंज काउंटी कम्युनिटी कॉलेज अशी सात कॉलेजं आणि एक रुग्णालय त्यात होतं. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा दोन वर्षांत शिकलेल्या नर्सेस परवान्याच्या परीक्षेत तीन वर्षंवाल्यांच्या मागे नव्हत्या. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. रुग्णालयांच्या शाळांना सहसा अविवाहित, तरुण मुलीच हव्या असत, आणि त्या वसतिगृहात राहत. या नव्या वर्गांत लग्न झालेल्या बायका आल्या, मुलंबाळं असलेल्या आल्या, चाळिशीतल्या आल्या, पुरुष आले. दिवसा वर्ग, संध्याकाळी घर. आज कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंग वर्गात जो मिश्र जमाव दिसतो, त्याची सुरुवात तिथून झाली.

पुढे केलॉग फाउंडेशनचा पैसा आला आणि काही दशकांतच नव्या नर्सेसमध्ये दोन वर्षंवाल्यांचं पारडं जड झालं. मोंटॅग यांच्या आराखड्यातली एक गोष्ट मात्र अमलात आलीच नाही. त्यांना टेक्निशियन वेगळी हवी होती. प्रत्यक्षात दोन वर्षं शिका, तीन शिका की चार, परीक्षा एकच, परवाना एकच, पाटी एकच: आर.एन., म्हणजे रजिस्टर्ड नर्स.

विद्यापीठवाल्यांना हे खटकणार होतंच. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने, व्यावसायिक नर्सला किमान चार वर्षांची पदवी हवी, अशी भूमिका घेतली. नॉर्थ डकोटाने ती १९८७ मध्ये नियमातही आणली, आणि २००३ मध्ये मागे घेतली. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये मधला मार्ग काढला: दोन वर्षांवर परवाना घ्या, पण दहा वर्षांत पदवी पूर्ण करा. साठ वर्षं झाली, वाद तिथेच आहे. विद्यार्थ्यांनी मात्र आपल्यापुरता तो कधीच सोडवला: जिथे फी कमी आणि घर जवळ, तिथे अर्ज करायचा.

आणि इथेच दार अरुंद झालं. इंग्रजीच्या वर्गाला मुलं जास्त आली तर कॉलेज आणखी एक तुकडी काढतं. नर्सिंगला ते जमत नाही. वॉर्डात एका शिक्षकामागे आठ-दहाच विद्यार्थी नेता येतात. पोस्टिंगसाठी रुग्णालयातल्या खाटा त्याच, आणि आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांना हव्या त्याच. शिक्षकाला मास्टर्स लागते, पण मास्टर्स केलेल्या नर्सला रुग्णालय कॉलेजपेक्षा जास्त पगार देतं. विद्यापीठांतही कोंडी तीच. २०२१ मध्ये पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांना आलेले ९१,९३८ पात्र अर्ज परत गेल्याचं नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने नोंदवलं. हे अर्ज, माणसं नव्हेत. एकेक जण चार ठिकाणी अर्ज करतो. तरी आकडा लहान नाही.

मग निवड कशी करायची? आधी रांग होती: पात्र असाल तर नाव घाला, नंबर येईल तेव्हा येईल. वर्ष-दोन वर्षं थांबणं नेहमीचं. मग चिठ्ठ्या टाकणं. कॅलिफोर्नियात नव्वदीत आलेल्या नियमांनुसार, कुणाला गुणांवरून अडवायचं तर त्या गुणांचा यशाशी संबंध आकडेवारीने सिद्ध करावा लागे. नुसतं ‘हुशार मुलं हवीत’ म्हणून चालत नसे. शतकाच्या सुरुवातीला एक सूत्र निघालं: एकूण गुण, इंग्रजीचे गुण, जीवशास्त्राच्या विषयांतले गुण, आणि ते विषय किती वेळा पुन्हा घेतले. त्याच्या वर गेलेल्यांत पुन्हा चिठ्ठीच. सर्वांना समान संधी, हे तत्त्व म्हणून सुंदर. पण ‘ए’ मिळवलेली बाई तीन वर्षं चिठ्ठीत हरत राहते आणि काठावरचा पहिल्याच फेरीत लागतो, तेव्हा ते कडू लागतं. त्यातून गळतीही मोठी होती. २००७ मध्ये कायदा बदलला आणि मराठीला गुण देणारी ती यादी आली.

कॉलेजांना चाळणी हवी असण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते विद्यार्थ्यांना क्वचितच कुणी सांगतं. परवान्याच्या परीक्षेचं नाव १९८२ मध्ये एनक्लेक्स झालं, १९९४ पासून ती संगणकावर आली. कॉलेजचे किती टक्के विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास होतात, हे राज्याचं नर्सिंग मंडळ बघतं. निकाल घसरला तर मान्यता धोक्यात. म्हणजे आत घेतानाच पुढच्या परीक्षेत पडणारा ओळखायचा, ही कॉलेजची गरज झाली. ती गरज भागवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ‘टीज’ आणि ‘हेसी ए-टू’ या आज सर्वांत जास्त चालणाऱ्या दोन प्रवेश परीक्षा याच बाजारातल्या, आणि त्यांच्या तयारीची पुस्तकं, सराव चाचण्या विकणाऱ्याही बऱ्याचदा त्याच कंपन्या.

टीजची सातवी आवृत्ती २०२२ पासून चालू आहे. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, चार भाग: वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. त्यांतल्या २० प्रश्नांना गुण नसतात, पण ते कोणते हे कळत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा रिकामं काही सोडू नये. विज्ञानातल्या गुण असलेल्या ४४ प्रश्नांपैकी १८ शरीररचना आणि शरीरक्रियेचे, म्हणून तो विषय कॉलेजात शिकून झाल्या झाल्या परीक्षा द्यावी. गणित आपल्या दहावीच्या आतलं: अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, एककांची अदलाबदल. किलो-लिटरमध्ये वाढलेला मराठी माणूस पौंड-औंसांपाशी अडखळतो, तेवढं घोटून घ्यावं. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांत ६२ टक्के ही किमान रेघ, पण स्पर्धेत नुसत्या रेघेवर भागत नाही. काही कॉलेजं पहिल्याच प्रयत्नाचे गुण धरतात, म्हणून ‘एकदा देऊन बघू’ हा आपला आवडता बेत इथे अंगाशी येऊ शकतो. हेसीत कोणते विभाग घ्यायचे ते कॉलेज ठरवतं, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची तयारी जशीच्या तशी उचलू नये.

मोंटॅग यांची दोन वर्षंही आता दोन उरलेली नाहीत. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी, बहुतेक ठिकाणी मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र, हे आधी पुरं करायचं, मग अर्ज. त्यात वर्ष-दीड वर्ष जातं. विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपूर्वीचे असतील तर पुष्कळ कॉलेजं ते शिळे धरतात आणि पुन्हा घ्यायला लावतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेल्या, भारतात बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या मराठी माणसाची वाट इथून सुरू होते. भारतात जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनी मात्र या रांगेत उभं राहायची सहसा गरज नाही. त्यांची कागदपत्रं तपासून घ्यायची, त्यासाठी १९७७ पासून सी.जी.एफ.एन.एस. (२०२५ पासून नाव ‘ट्रूमेरिट’) ही संस्था आहे, आणि राज्याच्या मंडळाची परवानगी मिळाली की थेट एनक्लेक्स. हे माहीत नसल्याने पुन्हा पहिलीपासून सुरुवात करणारे भेटतात.

दोन वर्षांची पदवी हा शेवटचा थांबा, असं मोंटॅग यांनी धरलं होतं. आता रुग्णालयं चार वर्षंवाल्यांना झुकतं माप देतात, म्हणून कम्युनिटी कॉलेजांनाच चार वर्षांची नर्सिंग पदवी देऊ द्या, अशी मागणी आहे. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गच्या कॉलेजने ही वाट शतकाच्या सुरुवातीलाच धरली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये काही कॉलेजांपुरती प्रायोगिक परवानगी देणारं विधेयक मंजूर केलं. त्याच सप्टेंबरात गव्हर्नरांनी ते सही न करता परत पाठवलं.