कंदिलाच्या उजेडातली शस्त्रक्रिया : ससून, १२ जानेवारी १९२४

कैदेतला पुढारी आजारी पडला की लोकांना काळजी वाटतेच. सरकारची झोप मात्र वेगळ्याच कारणाने उडते. कैदी आपल्या ताब्यात दगावला तर? ब्रिटिश सरकारला ही धास्ती कशी होती, ते पुण्यात दोनदा नीट दिसलं.

मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने राजद्रोहाखाली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी शिक्षा ठरवताना टिळकांच्या १९०८च्या खटल्याचा दाखला दिला होता. तेवढीच वर्षं, हा हिशेब त्यातलाच. मग येरवडा. पावणेदोन वर्षांनी, जानेवारी १९२४ मध्ये, पोटात कळा सुरू झाल्या. निदान झालं अपेंडिक्सचं. आज हे ऑपरेशन किरकोळ वाटतं, पण तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. पोटात पू पसरला तर माणूस हाती लागेल याची खात्री नसे.

१२ जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. सर्जन इंग्रज, कर्नल मॅडॉक. मुंबईहून गांधीजींच्या पसंतीचे डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. पुण्यातल्याच दोघांना बोलावणं गेलं: स्नेही डॉ. फाटक आणि भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री. शास्त्री मवाळ, असहकाराचे उघड विरोधक. तरीही रुग्णाने भरवसा ठेवला तो त्यांच्यावर, ही गोष्ट मला त्या रात्रीतली सगळ्यात बोलकी वाटते.

शास्त्रींनी गांधीजींच्या वतीने निवेदन लिहून काढलं: शस्त्रक्रियेला माझी संमती आहे, डॉक्टरांनी उत्तम काळजी घेतली, काही विपरीत घडलं तरी सरकारविरुद्ध आंदोलन होऊ नये. गांधीजींनी ते वाचलं आणि पेन्सिलीने सही केली. हात थरथरत होता. माझा हात बघा कसा कापतोय, हे तुम्हाला ठीक करावं लागेल, असं ते मॅडॉकना म्हणाले. रुग्णाचं संमतीपत्र म्हणून तो कागद साधाच. पण खरं तर ती देशातल्या शांततेची हमी होती, आणि ती देत होता खुद्द कैदी!

शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं.

जखम लवकर भरेना. ५ फेब्रुवारीला सरकारने उरलेली शिक्षा बिनशर्त माफ केली. गांधीजींना त्याचा आनंद झाला नाही. कैदी आजारी आहे म्हणून त्याला सोडावं, हे त्यांना पटत नव्हतं, आणि तसं त्यांनी लिहिलंही. विश्रांतीसाठी ते जुहूला गेले, पण विश्रांती कसली! कायदेमंडळात जायचं की नाही, या वादावर बोलायला मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास तिथे हजर.

मध्यंतरी, ऑगस्ट १९३३ मध्ये, हाच प्रकार थोडक्यात घडला: गांधीजींचं येरवड्यात उपोषण, प्रकृती ढासळली की ससून, आणि तीन दिवसांत सुटका.

दुसरा मोठा प्रसंग आगाखान पॅलेसमधला. तिथल्या स्थानबद्धतेत १५ ऑगस्ट १९४२ला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा. त्यानंतर गांधीजींना मलेरिया झाला, अशक्तपणा वाढला. तिसरा मृत्यू सरकारला परवडणारा नव्हता. ६ मे १९४४ला त्यांना सोडण्यात आलं. आवारात दोन समाध्या मागे ठेवून ते बाहेर पडले, आणि विश्रांतीसाठी पुन्हा जुहूच गाठलं.