केळीचा खांब आणि मामीचा गुडघा

चैत्रात आमच्या खान्देशातून झेंडे घेऊन लोक पायी सप्तशृंगी गडाकडे निघतात. मोठी मामी वीस-बावीस वर्षं चालत जायची. यंदा निघायच्या आधीच तिने माघार घेतली. "मना गुडघा दुखी ऱ्हायना," एवढंच म्हणाली. लगेच घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला: परदेशात म्हणे असं इम्प्लांट निघालंय की गुडघ्यातलं संपलेलं वंगण परत तयार होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून सगळ्यांनी मलाच टॅग केलं.

इम्प्लांट खरं आहे. वंगणाची गोष्ट मात्र गंडलेली आहे, आणि गुडघ्याला सायकलची चेन समजण्यापासूनच ती गंडते. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो हे खरं, पण निरोगी गुडघ्यात तो चमचाभरसुद्धा नसतो. आपला भार पेलतो तो दुसराच पदार्थ, हाडाच्या टोकावर चढलेला कूर्चेचा थर. मटणाच्या दुकानात बोकडाचा सांधा उघडला की मोत्यासारखी निळसर-पांढरी, गुळगुळीत टोपी दिसते, तीच ही. तिच्यात नख रुतवून थोडा वेळ दाबून धरा. खळगा पडतो. मग सांधा पाण्यात ठेवा, खळगा हळूहळू भरून येतो. सगळी गंमत त्या खळग्यात आहे.

आता जरा केळीच्या बागेत चला. केळीच्या खांबात लाकूड नसतं. एकावर एक गुंडाळलेली पानांची आवरणं, त्यांत धाग्यांची जाळी आणि उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. विळ्याने कापला की पाणी गळतं आणि सदऱ्यावर पडलेला डाग जन्मात जात नाही. तरी हा पाण्याचा खांब वीस-पंचवीस किलोचा घड पेलून उभा असतो. कारण आतलं पाणी बाहेर ढकलतं, धाग्यांची जाळी त्याला आवरून धरते आणि त्या ओढाताणीतून ताठपणा येतो.

कूर्चेचंही तसंच. तिच्यात वजनाने ६५ ते ८० टक्के पाणी. जाळी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची. पाणी धरून ठेवणारा रेणू म्हणजे ॲग्रेकन. मधे प्रथिनाचा दांडा आणि त्याला चहूबाजूंनी शंभरच्या आसपास साखरेच्या साखळ्या, थेट बाजरीच्या केसाळ कणसासारखा. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार दाटीवाटीने बसलेला असतो. ऋण भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे कणीस फुलायला बघतं. शिवाय ते सोडियमचे धनभारित आयन ओढून घेतात आणि त्या आयनांमागोमाग पाणी आत येतं. शाळेच्या पुस्तकातलं परासरणच हे, म्हणजे पाणी पडद्यातून जास्त क्षार असलेल्या बाजूला जातं ते, फक्त इथे पडदा नाही. केळीत प्रत्येक पेशीला पडदा लागतो, कूर्चेत भार जागेवर खिळलेले असल्याने तो लागतच नाही. (उपमा इथे तुटते, पण तुटते ती जागाच मला सगळ्यात आवडते.) ॲग्रेकनला मोकळं सोडलं तर ते जेवढं फुगेल त्याच्या साधारण पाचव्या हिश्शात कोलॅजनची जाळी त्याला दाबून ठेवते. त्यामुळे तुम्ही खाटेवर आडवे पडलेले असतानाही कूर्चेत सुमारे दोन वातावरणांचा दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका.

पाऊल टाकलं की गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. पाणी बाहेर पळू बघतं, पण जाळीतली भोकं काही नॅनोमीटरची, तिथून निघायला त्याला बराच वेळ लागतो. तोवर पाऊल उचललेलंही असतं. म्हणजे त्या क्षणी नव्वद टक्क्यांहून जास्त भार पाण्यानेच पेललेला असतो, घन भाग एकमेकांवर फारसे घासतच नाहीत. पाय उचलला की पाणी परत आत, सोबत अन्न घेऊन, कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तेव्हा चालणं म्हणजे कूर्चेचं जेवण. दुखतं म्हणून महिनोन्‌महिने खाटेवर बसणारा माणूस तिला उपाशी ठेवतो.

आता झिजेच्या संधिवाताची सुरुवात बघा. पहिल्यांदा पृष्ठभागावरचे कोलॅजनचे धागे उसवतात. जाळी सैल झाली की ॲग्रेकनला फुगायला जागा मिळते आणि कूर्चेतलं पाणी चक्क वाढतं. ती मऊ पडते, मग ॲग्रेकन झिरपून जातं. 'वंगण आटलं' म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं: सुरुवातीला काही आटत नाही, आवरणारी जाळी सुटते. आणि कूर्चेत नसा नसल्याने हे सगळं गुपचूप चालतं. दुखायला लागतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर.

जाळी परत विणली का जात नाही? विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ सालीच लिहून ठेवलं की नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. त्याचा भक्कम पुरावा २०१६ साली अणुबाँबमुळे मिळाला. १९५०-६० च्या दशकांतल्या चाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो अन्नातून सगळ्यांच्या अंगात गेला. संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतला तो कार्बन मोजला, तेव्हा कळलं की तिथलं कोलॅजन वाढत्या वयात एकदाच विणलं जातं. नंतर जवळजवळ बदलतच नाही, आजारी गुडघ्यातही नाही.

म्हणून इम्प्लांटवाल्यांपुढचं काम खड्डा बुजवण्यापुरतं नाही. भरलेला तुकडा आजूबाजूपेक्षा कडक निघाला तर समोरची कूर्चा खरवडतो, मऊ निघाला तर सगळा भार खड्ड्याच्या कडांवर जातो. शिवाय कूर्चा कूर्चेला सहजी चिकटत नाही. हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणण्याची रीत जुनी, पण त्यातून येते व्रणासारखी धाग्यांची कूर्चा, पाणी धरण्यात कच्ची. १९९४ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २३ रुग्णांच्या स्वतःच्या कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, परत गुडघ्यात सोडल्याचं प्रसिद्ध केलं. अशा पेशी-उपचाराला भारतातही २०१७ साली मान्यता मिळाली.

व्हिडिओतलं इम्प्लांट बहुधा आगिली-सी (Agili-C) नावाचं असावं. ते प्रवाळाच्या सांगाड्यापासून करतात. त्यातलं खनिज ॲरागोनाइट, म्हणजे मोत्यात असतं तेच. खड्ड्यापासून खालच्या हाडापर्यंत भोक पाडून ही खुंटी ठोकतात. तिच्या छिद्रांतून हाडाच्या मगजातल्या पेशी वर चढतात, खालचा भाग हळूहळू हाडाने बदलला जातो आणि वर कूर्चेसारखा थर धरतो. २५१ रुग्णांवरच्या चाचणीनंतर अमेरिकेने मार्च २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली. त्या चाचणीत सौम्य ते मध्यम संधिवाताचे रुग्णही घेतले होते, बातमी झाली ती त्यामुळे.

पण याच क्षेत्रातली दुसरी बातमी ग्रुपवर कोणी टाकत नाही. पायाच्या अंगठ्याच्या सांध्यासाठी पाणीदार प्लास्टिकची कार्टिव्हा नावाची खुंटी २०१६ साली मंजूर झाली होती. ती खचण्याचं, सरकण्याचं, काढावी लागण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं आणि २०२४ मध्ये कंपनीने ती परत मागवली.

आपल्याकडे तोवर गुडघ्याला बिब्बा लावणं, तापल्या सळईने डागणं चालूच आहे. कातडी भाजली की मेंदूचं लक्ष तिकडे जातं आणि आतलं दुखणं घटकाभर विसरतं, यापलीकडे त्यात काही नाही. शिकलेले लोक डाग देत नाहीत, ते ग्लुकोसामिनचे डबे आणतात. २००६ साली १५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत ग्लुकोसामिन आणि कॉन्ड्रॉइटिन, एकेकटं दिलं काय आणि मिळून दिलं काय, एकंदरीत खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही. डब्याला मात्र डाग पडत नाही, हे मान्य.

मामीचा एक्स-रे मी पाहिला. खुंटी काही चौरस सेंटीमीटरच्या खड्ड्यासाठी असते. मामीचा रस्ताच उखडलाय, मांडीचं हाड नडगीवर टेकलंय. हे सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "मंग मना काय कामनं?" तुमच्या नातवांच्या कामाचं, असं मी म्हणालो. ते तिला आवडलं नाही.

शेवटी ती गाडीने गडावर गेली आणि ट्रॉलीने वर पोचली. उतरताना मात्र कुणाचं न ऐकता पायऱ्यांनी उतरली. आत मोजमापाची यंत्रं बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांवरून दिसलंय की पायऱ्या चढताना वजनाच्या तिप्पट भार येतो, उतरताना त्याहूनही जास्त. हे मी तिला फोनवर सांगायला घेतलं, तोवर तिने फोन ठेवून दिला होता.