डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड (डीईएफ)

डिझेल इंजिनाच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे नष्ट करण्यासाठी वापरले जाणारे अतिशुद्ध युरियाचे द्रावण. वजनाने 32.5 टक्के युरिया आणि बाकी निर्क्षारित पाणी, एवढेच त्यात असते. याच प्रमाणात ते सर्वांत उशिरा, म्हणजे उणे 11 अंश सेल्सिअसला गोठते. ‘अ‍ॅडब्लू’ हे परिचित नाव जर्मन मोटार उद्योग संघटनेची व्यापारमुद्रा आहे. आपल्याकडे ट्रकवाले त्याला डीईएफ किंवा नुसते ‘युरिया’ म्हणतात. ते डिझेलमध्ये मिसळायचे नसते. त्याची टाकी वेगळी आणि झाकण निळे असते.

डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान इतके चढते, की हवेतल्याच नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होतो. तापमान उतरवले तर ही ऑक्साइडे घटतात, पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त जळते. या ओढाताणीवरचा उपाय म्हणजे धूर इंजिनाबाहेर पडल्यावर तो शुद्ध करणे. या पद्धतीला निवडक उत्प्रेरकी क्षपण (एससीआर) म्हणतात. जपानमधल्या वीजकेंद्रांत ती 1970 च्या दशकात रुळली आणि पुढे मालमोटारींत आली.

तापलेल्या धुरात द्रावणाचा बारीक फवारा मारला जातो. पाणी उडते, युरिया फुटतो आणि त्याच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू मिळतात. व्हॅनेडियम किंवा तांबे-झिओलाइटच्या उत्प्रेरकावर या अमोनियाची नायट्रोजन ऑक्साइडांशी अभिक्रिया होऊन नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार होते. विषारी अमोनिया टाकीत भरून रस्त्यावर न्यावा लागत नाही, हा युरियाचा मोठा फायदा. मात्र धूर साधारण 200 अंशांपर्यंत तापावा लागतो, त्यामुळे शहराच्या गर्दीत थांबत-थांबत चालणाऱ्या बसमध्ये ही पद्धत अडखळते. 100 लिटर डिझेलमागे साधारण 3 ते 6 लिटर डीईएफ लागते.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठीची बीएस-6 (भारत स्टेज-6) मानके लागू झाली. अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी स्थिर-चक्र चाचणीतली (इंजिन ठरावीक वेगांवर स्थिर चालवून घेतलेल्या चाचणीतली) नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-4 मध्ये दर किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅम होती, ती 0.4 ग्रॅमवर आली.

या साऱ्या व्यवस्थेचा जीव शुद्धतेत आहे. आयएसओ 22241 या मानकानुसार द्रावणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी किलोमागे 0.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. बोअरच्या पाण्यात ते याच्या कितीतरी पट असते. बाययुरेट या युरिया तापल्यावर त्यातून बनणाऱ्या अशुद्धीची मर्यादा 0.3 टक्के आहे. शेतीच्या युरियात ते दीड टक्क्यापर्यंत चालते. तसा युरिया विरघळवला तर द्रावणात सुमारे 0.49 टक्के बाययुरेट उतरू शकते. शिवाय 2015 पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. पिकाला नत्र सावकाश मिळावे म्हणून दिलेला हा लेप उत्प्रेरकाला मात्र घातक ठरतो. पोत्यातला युरिया पाण्यात ढवळून केलेले ‘डीईएफ’ फवारणीच्या नोझलवर पांढरी, दगडासारखी खपली धरते, आणि उत्प्रेरक निकामी झाला की दुरुस्तीचा खर्च द्रावणात वाचवलेल्या पैशांच्या कैक पट होतो. द्रावणात प्रकाश किती वळतो ते मोजणारा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर यात कामाचा नाही: तो फक्त युरियाचे प्रमाण सांगतो, भेसळ नाही. अनुदानाचा युरिया असा वळवणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे, आणि ऐन पेरणीत तेवढे खत शेतकऱ्याच्या वाट्यातून जाते ते वेगळेच.

साठवणही जपून करावी लागते. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टील लागते. 25 अंशांखाली द्रावण दीड वर्ष टिकते, 35 अंशांवर जेमतेम सहा महिने. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन म्हणूनच भरवशाचा नसतो.

टाकी रिकामी झाली, की बीएस-6 गाडीची ताकद आपोआप उतरते. संपूर्ण देशाची टाकी रिकामी होण्याची वेळ 2021 मध्ये दक्षिण कोरियावर आली. ऑक्टोबरात चीनने देशातल्या खतासाठी युरियाच्या निर्यातीवर तपासणीची अट घातली, आणि वाहनांसाठीचा कोरियाचा जवळपास सगळा युरिया चीनमधूनच येत होता. नोव्हेंबरात तिथल्या सरकारने रेशनिंग लावले: मोटारीला एका वेळी 10 लिटर, ट्रकला 30 लिटर.