मच्छीमार नक्की कोण? पुणे जिल्ह्यातल्या धरणकाठच्या सोसायट्यांची पार्श्वभूमी

पुण्यात मासळी म्हणजे सुरमई, पापलेट, फार तर बांगडा. गणेश पेठेच्या बाजारात बर्फाच्या पेट्या उतरतात त्या किनारपट्टीहून आलेल्या. त्यामुळे मच्छीमारांच्या मागण्यांची बातमी दिसली की पुणेकर ती कोकणातली समजून पान उलटतो. भिगवणला गाडी थांबवून चिलापीवर ताव मारणाराही ती कुणी, कुठल्या परवान्यावर पकडली हे विचारायच्या भानगडीत पडत नाही. उजनीच्या काठावर आणि आंबेगाव-जुन्नरच्या धरणांवर जाळं टाकून घर चालवणारे लोक मात्र काही वर्षांपासून एकच गोष्ट मागत आहेत : पाण्याबद्दल काही ठरवणार असाल तर आम्हालाही विचारा. ही मागणी कुठून आली, त्याची ही थोडी पार्श्वभूमी.

फार मागे जायचं कारण नाही. भीमा, घोड, नीरा यांच्या डोहांवर भोई समाज पिढ्यान् पिढ्या मासे धरत आला. पालखी वाहणं आणि मासे धरणं, असे दोन्ही धंदे त्यांच्या नावाला चिकटलेले. मग खडकवासला झालं, भाटघर झालं, मुळशी झालं. मुळशीचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो जमिनीचा लढा होता. बुडणाऱ्या जमिनीच्या जागी जे पाणी येणार त्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न ऐरणीवर यायला पुढची पन्नास-साठ वर्षं जावी लागली.

तो आणला मोठ्या धरणांनी. १९८० साली उजनी पूर्ण झालं. धरणाची भिंत माढा तालुक्यात, पण पाणी करमाळा, कर्जत, इंदापूर, दौंडपर्यंत पसरलेलं, म्हणजे जलाशय एक आणि जिल्हे तीन. कुंभारगावचा मच्छीमार पुण्यात अर्ज देतो, समोरच्या काठावरचा सोलापुरात. दोघांची जाळी एकाच पाण्यात, पण दोघांचे कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. उजनीच्या मच्छीमारांची एकी का टिकत नाही, असं शहाजोगपणे विचारणाऱ्यांनी आधी नकाशा उघडावा.

उजनीची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्याच्या पातळीखाली गेलं की धरण ‘मायनसमध्ये’ गेल्याचे मथळे येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली होतं. ज्या पाण्याला पाटबंधाऱ्याच्या भाषेत मृत म्हणतात, त्यातच मासा जगतो. पाणी आक्रसलं की मासळी दाटते, महिनाभर बरी सापडते, आणि मग वडाप, म्हणजे बारीक आसाचं जाळं, टाकणाऱ्यांची चंगळ होते. बोटाएवढी पिल्लं उचलली की पुढच्या वर्षीचं जाळं रिकामं. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी, कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथे उसाची बाजू मांडायला माणसं कमी नसतात, पण चिलापीची बाजू मांडताना मी कुणाला ऐकलेलं नाही. वर पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं. जलपर्णी साचली, मासे पांढरे पोट वर करून काठाला लागले, की फोटो छापून येतो आणि विषय संपतो.

आता सोसायटीकडे. पाणी पाटबंधारे खात्याचं, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून, आणि ठेका घेणार १९६० च्या सहकारी कायद्याखाली नोंदलेली मच्छीमार सोसायटी, साधारण पाच वर्षांसाठी. ठेक्याची रक्कम भरायची, ठरल्याप्रमाणे बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडायची, सभासदांनी मासे धरायचे. कागदावर यापेक्षा सरळ व्यवस्था सापडणार नाही. प्रत्यक्षात ठेक्याचे आणि बीजाचे पैसे सभासदांकडे नसतात. ते घालतो एखादा व्यापारी, आणि मग भावही तोच ठरवतो. जाळं त्याचं, उचल त्याची, काटा त्याचा. सोसायटीचा शिक्का अध्यक्षाच्या घरी आणि सभासद किलोमागे मजुरीवर. ‘सोसायटी कागदावर, ठेकेदार पाण्यावर’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते भाषणातलं वाटलं होतं. मग एका हिशेबवहीत सगळ्या सभासदांच्या नावापुढे एकाच हाताने केलेल्या सह्या पाहिल्या.

डिंभ्याला गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, आणि मला जास्त माहीत आहे तीही तीच. घोड नदीवरच्या या धरणात पश्चिम आंबेगावातल्या महादेव कोळी गावांची भातखाचरं गेली. पुनर्वसनाच्या जमिनी दूर, लाभक्षेत्रात; बरेच लोक तिकडे न जाता वर डोंगराला सरकून राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करायची, एरवी मासे. सुरुवातीला पाण्याचा ठेका बाहेरच्यांकडे होता. म्हणजे स्वतःच्या बुडालेल्या शेतावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा माणूस चोर ठरायचा. तिथे रुजलेल्या एका संघटनेच्या कामातून पुढे आदिवासींची स्वतःची मच्छीमार सोसायटी उभी राहिली, होड्या आल्या, पिंजऱ्यांतलं मत्स्यबीज आलं. २०१२ साली या कामाला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बाहेर चर्चा पुरस्काराची झाली. तिथल्या लोकांच्या लेखी मोठी गोष्ट ही की रात्री जाळं टाकायला जाताना कंदील लपवावा लागत नव्हता.

याच टप्प्यावर तो शब्द आडवा आला, ज्यावर निम्म्या बैठका खर्ची पडल्या : मच्छीमार. आपल्याकडे नावावरून धंदा ओळखायची खोड जुनी. कोळी म्हटलं की होडी, जाळं, नारळी पौर्णिमा. पण किनाऱ्यावरचे सोनकोळी वेगळे आणि सह्याद्रीतले महादेव कोळी वेगळे. महादेव कोळी अनुसूचित जमातीत, भोई भटक्या जमातींच्या यादीत, सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात. डिंभ्याचे महादेव कोळी मुळात भात-नाचणी पिकवणारे. मासेमारी त्यांना धरणाने शिकवली. एकीकडे कचेरीत त्यांना ‘तुमचा परंपरागत धंदाच हा’ असं सांगितलं जाई, ते खोटं होतं. दुसरीकडे नदीकाठचे भोई म्हणत, परंपरागत मच्छीमार आम्ही, हे तर शेतकरी, यांना ठेका कसला? यात तथ्य होतं. आणि धरणग्रस्त म्हणत, पाणी आमच्या जमिनीवर उभं आहे, परंपरा गेली खड्ड्यात. माझा कल या शेवटच्या बाजूला आहे, ते लपवत नाही. पण धरणाने भोयांचे डोहही बुडवले होते, आणि डोहाचा सातबारा नसतो, म्हणून त्यांच्या नुकसानीचा पंचनामा कधी झाला नाही, हेही तितकंच खरं.

यात कायद्याने ‘क्रियाशील’ हे विशेषण घातलं. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याचा सहकार कायदा बदलला. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिलेला आणि उपविधीत ठरेल तेवढा संस्थेच्या सेवांचा वापर केलेला तो क्रियाशील सभासद. हेतू बरा होता : नावापुरते सभासद गाळायचे, ठेकेदाराची भरती थांबवायची. मासेमारीत ‘सेवांचा वापर’ मोजायचा कसा? सोसायटीच्या काट्यावर घातलेल्या मासळीच्या पावतीवरून. ज्याने व्यापाऱ्याची उचल घेतली आहे, त्याची मासळी व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. म्हणजे रोज पाण्यात उतरणारा अक्रियाशील, आणि ज्याच्या नावाने ठेकेदार पावत्या फाडतो तो क्रियाशील. चाळणी उलटीच लागली. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतल्या सहकारी संस्थांना लागू असलेला भाग रद्द केला, राज्याचा कायदा त्यानंतरही मागेपुढे होत राहिला. गावच्या सोसायटीत मात्र एकदा यादीतून गेलेलं नाव परत यायला निवडणुकीचं एक आख्खं चक्र जातं.

वनहक्क कायद्याचा रस्ता होता. २००६ च्या त्या कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलं आहे. ग्रामसभेने दावा करायचा, सोसायटीची मध्यस्थी नको. पण दाव्यांच्या फायली बहुतेक जमिनीच्या गुंठ्यांवर अडल्या. पाण्याचा रकाना रिकामाच राहिला. इकडे ३० जून २०१७ च्या शासन निर्णयाने तलाव ठेक्याचे नियम नव्याने लिहिले, ३ जुलै २०१९ ला ते पुन्हा सुधारले. प्रत्येक वेळी हरकती घ्यायला सोसायट्या वेगवेगळ्या धावल्या, आणि एकत्र निवेदन द्यावं हे त्या धावपळीत सुचलं. आज ज्याला मच्छीमारांचा एकत्रित आवाज म्हणतात त्याची सुरुवात इतकी व्यवहारी आहे : झेरॉक्सचा खर्च वाटून घेणं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यांसारख्या सवलती मिळाव्यात, हा उद्देश. तळं खोदून मासे वाढवणाऱ्याला याचा लाभ घेणं सोपं. त्याच्याकडे जमीन आहे, मीटर आहे. जलाशयात जाळं टाकणाऱ्याकडे दाखवायला आहे सोसायटीचं सभासदत्व. म्हणजे फिरून गाडी त्याच यादीवर.

अशाच एका यादीसाठी बोलावलेल्या सभेला मी गेलो होतो. मारुतीच्या देवळात सतरंजी, पुढे पुरुष, मागे खांबाला टेकून बायका. सचिव नावं वाचत होता, पावत्यांची संख्या सांगत होता. मागून एक मावशी उठल्या. पहाटे जाळ्यातून मासे सोडवायचे मी, निवडायचे मी, पाटी घेऊन बाजारला जायचं मी, असं म्हणाल्या, आणि पावती मालकाच्या नावावर. ते तर दोन वर्षं झाली पुण्यात वॉचमन आहेत.

सचिवाने पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाला, “मावशी, मालकांचं नाव क्रियाशीलमध्येच आहे, काळजी करू नका.”